खेळांचं त्रैमासिक: काढायचं कसं, टिकवायचं कसं, थांबवायचं कसं

इंदुरात मराठी कुटुंबांच्या घरात मराठी आणि बाजारात हिंदी चालते. अशा शहरात पत्ते, पट आणि कोडी यांना वाहिलेलं छोटं मराठी त्रैमासिक काढणं आजही चार-पाच जणांच्या आवाक्यातलं काम आहे. इथे ५०० प्रती, ३२ पृष्ठं अधिक कव्हर, वर्षाला चार अंक एवढा व्याप धरला आहे. छपाईची माहिती कुठल्याही प्रेसमध्ये मिळते. वर्गणीचे पैसे, लेखकांचे हक्क आणि अंक बंद करण्याची रीत यांबद्दल मात्र कुणी आधी बोलत नाही. या जातीची गाजलेली मासिकं नेमकी तिथेच अडखळली, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचं पत्रक काढलं आणि जून १९७६ मध्ये त्याची जागा ‘द ड्रॅगन’ने घेतली. तीस वर्षांहून अधिक चाललेलं हे मासिक सप्टेंबर २००७ मध्ये ३५९ व्या अंकावर छापील रूपात थांबलं. ते काढणाऱ्या पायझो कंपनीकडे फक्त परवाना होता. नावाचे हक्क विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे होते आणि त्यांनी परवाना पुढे दिला नाही. ‘ॲव्हलॉन हिल जनरल’ १९६४ पासून एकाच कंपनीच्या खेळांबद्दल लिहीत होतं. १९९८ मध्ये खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने ती कंपनी विकत घेतली आणि मासिकही संपलं. इंग्लंडमधलं ‘व्हाइट ड्वार्फ’ १९७७ मध्ये सगळ्यांच्या खेळांसाठी सुरू झालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते आपल्याच गेम्स वर्कशॉप कंपनीच्या खेळांपुरतं उरलं. ते आजही निघतं, पण ते घरचं मासिक आहे.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’चं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाच्या प्रत्येक अंकात पुढे एक पूर्ण खेळ येऊ लागला: नकाशा, सोंगट्या, नियम सगळं. ते काढणारी एसपीआय कंपनी कर्जात बुडाली आणि १९८२ मध्ये टीएसआरच्या ताब्यात गेली. नव्या मालकाने जुन्या वर्गणीदारांचे राहिलेले अंक द्यायला नकार दिला. वर्षानुवर्षं जपलेला वाचक तिथे तुटला.

उलट बाजूला जपानचं ‘निकोली’. हे कोड्यांचं नियतकालिक १९८० मध्ये निघालं. त्यातली कितीतरी कोडी वाचकांनीच रचलेली असतात. १९८४ मध्ये सुडोकू तिथेच त्या नावाने रुळायला लागलं. आपल्या त्रैमासिकाचा पाया ठरवताना ‘निकोली’ डोळ्यांसमोर ठेवावं: वाचकच लेखक, आणि अंकात बातम्यांऐवजी खेळायला काहीतरी.

आकार, कागद आणि रीम

आकार ७.२५ × ९.५ इंच घ्या. बरेच दिवाळी अंक साधारण याच मापाचे असतात, त्यामुळे वाचकाच्या कपाटात तो नीट बसतो. २० × ३० इंची शीटला तीन घड्या घातल्या की ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं होतात. हा एक फॉर्म. ३२ पृष्ठांना बरोबर दोन फॉर्म लागतात. मजकूर जास्त झाला म्हणून ३६ पृष्ठं करायचा मोह आवरा. त्या चार पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेटा आणि वेगळी घडी लागते आणि कागदाचा तुकडा वाया जातो. वाढवायचंच असेल तर सरळ ४८ वर जा, नाहीतर मजकूर पुढच्या अंकाला ठेवा.

आतला कागद ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथो, कव्हर १७० जीएसएम आर्ट पेपर. ५०० प्रतींना आतल्या १,००० शीट लागतात. मशीन बसवताना आणि घडीत ८ टक्के वाया जातात असं धरलं तर १,०८०. म्हणजे ५०० शीटच्या दोन रीम घेऊन ८० शीट कमी पडतात. या ८० शीट प्रेसकडून सुट्या मिळतील का ते आधीच विचारून ठेवा. कागद खजुरी बाजारातून स्वतः घेणार असाल तर रीम वजन करून घ्या. ७० जीएसएमची २० × ३० ची ५०० शीटची रीम साधारण १३.५ किलो भरते. काटा ११.६ च्या आसपास थांबला तर तो कागद ६० जीएसएमचा आहे आणि मागचं पान पुढे दिसणार हे नक्की.

शीटचा दाणा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, अंकाच्या कण्याला समांतर हवा. शीटचा एक चौकोनी तुकडा दोन्ही दिशांना हलकाच वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज गोल होतो, त्या वळणाच्या रेषेत दाणा असतो. दाणा आडवा गेला तर अंक उघडा राहत नाही, आणि पट मांडून खेळायच्या अंकाला तो दोष परवडत नाही. आषाढाच्या अंकाला आणखी एक त्रास होतो. कव्हरला बाहेरूनच लॅमिनेशन असतं, त्यामुळे आतली बाजू पावसाळी हवेतला ओलावा ओढते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. कटिंगनंतर गठ्ठे बांधून दोन दिवस वजनाखाली ठेवा आणि मगच पाकिटात भरा.

साधारण ३०० प्रतींच्या खाली डिजिटल छपाई स्वस्त पडते, वर गेल्यावर ऑफसेट. पहिला अंक डिजिटलवर २०० काढून बघणं शहाणपणाचं. मागणी न बघता १,००० छापून गठ्ठे माळ्यावर टाकण्यापेक्षा ते कधीही बरं.

मधल्या पृष्ठांवरचा पट

प्रत्येक अंकात एक खेळ द्यायचाच, हा नियम स्वतःला घालून घ्या. बाकी सगळं वाचलं जाईल न जाईल, पट उघडला जातो. सेंटर पिनच्या अंकात समोरासमोरची दोन पृष्ठं एकाच अखंड कागदावर येतात ती फक्त मधोमध: ३२ पृष्ठांच्या अंकात १६ आणि १७. पट तिथेच. इतर कुठल्याही जोडीवर टाकला तर दोन अर्धे वेगवेगळ्या ठिकाणी छापले जातात आणि रेषा एक-दोन मिलिमीटर वरखाली होते.

मधली दोन पृष्ठं मिळून ३६८ × २४१ मिमी जागा असते. वर-खाली ८ मिमी मोकळे सोडून २२५ मिमीचा चौरस बसतो. कडेला याहून कमी जागा सोडू नका. आठ घड्या एकात एक बसल्या की सगळ्यात आतली शीट साधारण पाऊण मिलिमीटर बाहेर सरकते आणि कटिंगमध्ये तेवढी कापली जाते.

आता घडीचा प्रश्न. ८ × ८ घरांचा पट असेल तर घर २८ मिमी ठेवा, पट २२४ मिमी होतो आणि घडी चौथ्या-पाचव्या घरामधल्या रेषेवर पडते. कवड्यांनी खेळायच्या चल्लस आठसारखा ५ × ५ चा पट मात्र मधोमध मांडला तर घडी नेमकी मधल्या घरातून जाते. सगळ्या सोंगट्या शेवटी तिथेच पोचायच्या असतात. तीच जागा उंचावते आणि सोंगटी तिथे ठरत नाही. उपाय सोपा आहे. घर ४४ मिमीचं धरा, पट २२० मिमी होतो, आणि तो उजवीकडे २२ मिमी सरकवा. डावीकडे ९६ मिमी आणि उजवीकडे ५२ मिमी जागा उरते, घडी दुसऱ्या-तिसऱ्या उभ्या ओळीमधल्या रेषेवर येते, पिनाही त्याच रेषेत बसतात. डावीकडच्या रुंद पट्ट्यात नियमांचा सारांश छापा, म्हणजे खेळताना पान उलटावं लागत नाही.

मधल्या शीटच्या पाठीला १५ आणि १८ ही पृष्ठं येतात. तिथे काळ्याभोर पार्श्वभूमीची जाहिरात घेऊ नका, ७० जीएसएमवर ती पटातून दिसते.

सोंगट्या कव्हरच्या आत छापून “कापून घ्या” म्हणणं ही नेहमीची चूक. अंक जपून ठेवणारा वाचक कव्हरला कात्री लावत नाही, आणि मग तो खेळतही नाही. ३०० जीएसएम कार्डाचा सुटा तुकडा अंकात घाला. दोन्ही बाजूंनी छापायचा असेल तर पुढची-मागची छपाई १ मिमीपर्यंत सरकते असं गृहीत धरा. १५ मिमीची सोंगटी असेल तर चिन्ह मधल्या १० मिमीत ठेवा आणि पार्श्वभूमीचा रंग कडेच्या बाहेरपर्यंत जाऊ द्या. वाचकाला पट पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगताना पांढरा पातळ गोंद सुचवू नका. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि पुठ्ठा वाकतो. ग्लू स्टिक लावून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवायला सांगा.

खरं तर जिथे जमेल तिथे घरातलंच साहित्य वापरावं: कवड्या, चिंचोके, बटणं, कॅरमच्या सोंगट्या. पण कवड्यांचा हिशेब नीट तपासा. चल्लस आठमध्ये चार कवड्या टाकतात. उताण्या पडतील तेवढं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवडी उताणी-पालथी सारखीच पडते असं मानलं तर १६ पैकी एकदा चार आणि एकदा आठ यायला हवं. कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. एखादी कवडी दहांत सहा वेळा उताणी पडत असेल, तर अशा चार कवड्यांनी हजार दानांत चार साधारण १३० वेळा येतो आणि आठ फक्त २६ वेळा. आठ पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही असा नियम तुम्ही केलात, तर लोक अर्धा तास नुसत्या कवड्या टाकत बसतील. नवा खेळ रचताना एकच कवडी शंभरदा टाकून उताण्या मोजा आणि त्या आकड्यावर नियम बेता. अर्धे केलेले चिंचोके वापरणार असाल तर त्यांचीही हीच चाचणी करा, चिंचोका कसा फुटला यावर बरंच अवलंबून असतं.

नियम लिहिणं

क्रम ठरलेला असू द्या: साहित्य, मांडणी, खेळ कधी संपतो आणि कोण जिंकतो, एका पाळीत काय करायचं, अपवाद, वाद झाला तर काय. जिंकायचं कसं हे शेवटी लिहायची सवय मोडा. ते आधी कळलं की बाकीचे नियम का आहेत ते आपोआप समजतं.

एका गोष्टीला अंकभर एकच शब्द. चार पत्त्यांच्या उतारीला ‘हात’ म्हटलं तर पुढे तिला ‘डाव’ म्हणू नका. ‘डाव’ म्हणजे पिसण्यापासून हिशेबापर्यंत सगळं. आपल्याकडे घरोघरी या शब्दांचे अर्थ बदलतात, म्हणून पहिल्याच अंकात दहा-बारा शब्दांचा कोश छापा आणि प्रत्येक लेखकाला तो पाठवा.

पत्त्यांचे आकडे बेरीज करून बघितल्याशिवाय छापू नका. पाच-तीन-दोन तिघांत खेळतात, प्रत्येकी १० पानं, म्हणजे ३० पानं हवीत. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चार रंगांची २८ आणि वर बदाम, इस्पिकच्या सत्त्या. लेखकाने “सत्तीपासून वर” असं लिहिलं तर पानं ३२ होतात आणि वाटणी जमत नाही. तीनशेचारमध्ये गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २: एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. छापताना एक आकडा चुकला तरी बेरीज लगेच पकडते. मेंढीकोटसारख्या खेळात घराघरांत फरक असतो. तिथे एकच रीत ‘खरी’ म्हणून छापू नका. मुख्य रीत द्या आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, पुणे इथून वाचक जे फरक कळवतील ते पुढच्या अंकात नावानिशी छापा. पत्रव्यवहार वाढवायला याच्याइतकं खात्रीचं दुसरं साधन नाही.

मग चाचणी. छापील नियम अशा चौघांच्या हातात द्या ज्यांनी तो खेळ पाहिलेला नाही, आणि बाजूला गप्प बसा. त्यांनी काही विचारलं तरी उत्तर देऊ नका. वाचता वाचता जिथे थांबून ते एकमेकांकडे बघतात, त्या ओळीवर खूण करा. तीन वेगवेगळ्या घरांत हे करा, एका घरात तरी दहा-बारा वर्षांचं मूल असू द्या. इंदूरची बरीच मराठी मुलं शाळेत मराठी शिकत नाहीत, देवनागरी हिंदीतून वाचतात. लांब वाक्य आलं की ती पान सोडून आईला विचारतात. ती ओळ पुन्हा लिहा.

अक्षरजुळणी

इथले बहुतेक डीटीपीवाले हिंदीत काम करतात आणि बऱ्याच ठिकाणी अजून कृतिदेव हा युनिकोडआधीचा फॉन्ट चालतो. मराठी मजकूर युनिकोडमधून त्यात नेला की ‘ळ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांची मोडतोड होते. शिवाय हिंदीचा सराव असलेला हात ‘काळा’चा ‘काला’ करतो, आणि तो वाचताना चटकन खटकत नाही. काम द्यायच्या आधी एक नमुना ओळ द्या: “दुसऱ्याची पाळी, कोपऱ्यातलं काळं घर, ॲडव्हान्स, ऱ्हस्व, त्र्यंबक, षट्कोन, ज्ञान, क्षण.” ती ओळ धडपणे छापून आली तरच पुढे बोला.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे पानं स्वतः युनिकोडमध्ये लावणं. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठीसारखा फॉन्ट घ्या, दोन्ही मोफत आहेत. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये ‘मराठी’ निवडा, तरच काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सरकतात. प्रेसला पीडीएफ देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून द्या, मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. आउटलाइन केलेल्या फाइलीत पुढे एक अक्षरही दुरुस्त करता येत नाही.

वेळापत्रक

पाडवा, आषाढ, दिवाळी, संक्रांत असे चार अंक सोयीचे. पाडव्याचा अंक मुलांच्या सुट्टीआधी हातात पडतो, म्हणून त्यात सगळ्यात मोठा खेळ द्या. अंक निघायच्या आधी दहा आठवडे खेळ ठरलेला हवा, सात आठवडे आधी चाचण्या संपलेल्या, चार आठवडे आधी पानं लागलेली, दोन आठवडे आधी प्रेसमध्ये. लग्नसराईत पत्रिका, दिवाळीआधी कॅलेंडर आणि वह्या, शाळा उघडताना पुस्तकं: या दिवसांत छोटं काम मागे पडतं. आषाढाचा अंक मेच्या शेवटी प्रेसला दिला तर जूनची गर्दी चुकते.

वर्गणी म्हणजे उधारी

या लेखातला हा भाग नीट वाचा. वर्षाची वर्गणी घेतली त्या दिवशी तुम्ही चार अंकांचे देणेकरी झालात. एक अंक टपालात पडला की चौथा हिस्सा तुमचा. त्याआधी तो पैसा वाचकाचा.

वेगळं बँक खातं उघडा. समजा ३०० वर्गणीदार आहेत आणि वर्गणी ४०० रुपये. खात्यात १,२०,००० येतात. प्रत्येक अंक रवाना झाल्यावर ३०,००० खर्चाच्या खात्यात वळवा, आधी एक रुपयाही नाही. म्हणजे पहिल्या अंकाचा खर्च पदरचा किंवा जाहिरातींचा हवा. तेवढं भांडवल जमत नसेल तर वर्गणी घेऊच नका, एक सुटा अंक काढून विका. वर्गणीदार मध्येच सामील होतात, म्हणून वहीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘द्यायचे अंक’ लिहा. दर महिन्याला त्या रकान्याची बेरीज करा, एका प्रतीच्या खर्चाने गुणा आणि खात्यातल्या शिल्लकीशी ताडून बघा. शिल्लक कमी पडली त्याच महिन्यात उपाय करा.

आजीव वर्गणी ठेवू नका. मराठी नियतकालिकांत ही प्रथा जुनी आहे आणि सुरुवातीला हातात मोठी रक्कम देते. पण तिची देणी कधीच फिटत नाहीत, आणि कागद-टपालाचे भाव दर वर्षी वाढतात. ज्यांना जास्त मदत करायची इच्छा आहे त्यांच्याकडून देणगी घ्या आणि अंकात नाव छापा.

जाहिराती इथल्याच दुकानांच्या घ्या: खेळणी, स्टेशनरी, शिकवण्या, मिठाई. एकाच जाहिरातदाराचा वाटा एका अंकाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या केंद्रीय कायद्यात मनाई आहे, त्या विचारात घेऊच नका. विक्रीसाठी महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद या इंदुरातल्या मराठी संस्थांच्या कार्यक्रमांना येणारा वाचक आणि गणेशोत्सवातली मंडळं हा पहिला वर्ग. आयोजकांची परवानगी काढून टेबल लावा आणि टेबलावर अंकांच्या शेजारी पट मांडून ठेवा.

हक्क लिहून घ्या

१९९९ मध्ये ‘ड्रॅगन’च्या पहिल्या २५० अंकांचा संग्रह सीडीवर निघाला. मासिकासाठी दिलेल्या काही मजकुराचे फक्त पहिल्या प्रसिद्धीचे हक्क दिलेले होते, असा आक्षेप आला आणि वाद झाला. मासिक नावारूपाला येतं, जुने अंक पुन्हा हवे असतात, आणि तेव्हा कळतं की कागदावर काहीच नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून प्रत्येक लेखक, चित्रकार, कोडंकाराकडून चार ओळींचं सहीचं पत्र घ्या: कोणती कृती, छापील आणि डिजिटल दोन्ही, पुनर्मुद्रणासह, किती वर्षं, जगभर की भारतात, मोबदला किती. मालकी लेखकाचीच ठेवा, तुम्हाला छापायचा परवाना पुरतो. मोबदला रकमेने जमत नसेल तर ‘अंकाच्या पाच प्रती’ असं स्पष्ट लिहा.

पारंपरिक खेळ सगळ्यांचे. खेळाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण नियमांच्या शब्दांवर आणि पटाच्या चित्रावर असतो. म्हणून नियम आपल्या शब्दांत लिहा आणि पट नव्याने काढा. नावाच्या बाबतीत अधिक जपा. ‘स्क्रॅबल’सारख्या ‘स्क्रॅब्युलस’ या ऑनलाइन खेळाच्या प्रकरणात २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, पण ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली. मराठी शब्दांचा खेळ जरूर रचा, त्याला विकाऊ खेळाच्या जवळचं नाव देऊ नका.

नोंदणी आणि टपाल

१८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू आहे. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. नावाचे दोन-चार पर्याय तयार ठेवा, ‘क्रीडा’, ‘खेळ’ अशी एका शब्दाची नावं सहसा कुणीतरी घेतलेली असतात. नोंदणी संपादकाच्या की संस्थेच्या नावाने, हे आधी ठरवा आणि लिहा. पुढची भांडणं इथेच सुरू होतात. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण ही ओळ प्रत्येक अंकात हवी.

३२ पृष्ठं, कव्हर आणि एक कार्ड मिळून प्रत सुमारे ८० ग्रॅम भरते. पाकीट धरून १०० ग्रॅमच्या आत राहा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या दरांवर वर्गणी ठरवू नका. वर्गणीचा आकडा छापण्याआधी भरलेलं पाकीट घेऊन टपाल कार्यालयात वजन आणि दर करून घ्या.

उतरण ओळखायची कशी

पैसे संपायच्या बरंच आधी खुणा दिसतात. कोड्यांची उत्तरं येणं कमी होतं, ही पहिली. दर अंकाला आलेली उत्तरं मोजून लिहून ठेवा. सलग तीन अंक आकडा घसरला तर कोडी अवघड झाली आहेत किंवा अंक उशिरा पोचतो आहे. दुसरी खूण जोडअंकाची. एकदा पावसाने किंवा आजारपणाने जोडअंक निघाला तर चालतं, दुसऱ्यांदा निघाला तर वर्षाला तीनच अंक जाहीर करा आणि वर्गणी त्या प्रमाणात कमी करा. तिसरी: अर्ध्याहून जास्त पृष्ठं संपादकच लिहितो आहे. तेव्हा पृष्ठं कमी करा आणि एक पूर्ण विभाग एखाद्या वाचकाच्या हवाली करा, पटांचा किंवा ब्रिजचा, त्याच्या नावाने.

ताज्या बातम्यांच्या मागे लागून अंक सावरत नाही. ‘व्हाइट ड्वार्फ’ २०१४ मध्ये साप्ताहिक झालं आणि २०१६ मध्ये पुन्हा मासिक. नवा खेळ कुठला आला हे वाचकाला फोनवर आधीच कळलेलं असतं. तुमच्याकडे तपासलेले नियम, नीट छापलेला पट आणि पुढच्या अंकात येणारं उत्तर असतं. पानं त्यांनाच द्या.

वर्गणीदार २०० च्या खाली गेले आणि वर्षभर तिथेच राहिले तर दिवाळी वार्षिकावर या. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा जाड अंक विकत घ्यायची सवय आहे. जाहिरातीही तेव्हाच सहज मिळतात. चार पट, तीसेक कोडी, दोन मोठे लेख एवढ्यावर चांगलं वार्षिक उभं राहतं, आणि त्याला वर्गणी लागत नाही.

थांबवायचं ठरलं तर

शेवटच्या अंकाच्या किमान एक अंक आधी तसं छापा. नवी वर्गणी त्या दिवसापासून बंद. शेवटच्या अंकात सगळ्या प्रलंबित कोड्यांची उत्तरं द्या, आणि पत्राने चालू असलेला एखादा खेळ असेल तर त्याचा निकालही.

द्यायचे अंक उरलेल्या प्रत्येकाला पत्र पाठवा: इतके अंक बाकी, इतके रुपये परत, किंवा त्याऐवजी जुन्या अंकांचा संच. निवड वाचकाची. २००७ मध्ये पायझोने ‘ड्रॅगन’च्या वर्गणीदारांना अशीच निवड दिली, उरलेल्या अंकांच्या बदल्यात नवी प्रकाशनमाला किंवा खरेदीसाठी जमा रक्कम. त्यातले बरेच वाचक त्या कंपनीच्या पुढच्या प्रकाशनांपर्यंत टिकले.

मूळ चित्रं चित्रकारांना परत करा. सगळे अंक ३०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ फाइलींसह दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत. छापील पूर्ण संच इंदुरातल्या एका मराठी ग्रंथालयाला आणि पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संदर्भ ग्रंथालयाला पावती घेऊन द्या, सोबत हक्कांच्या पत्रांच्या प्रती. प्रकाशन बंद केल्याची माहिती नोंदणी कार्यालयाला कळवा. परतीचे धनादेश वाचक लगेच वटवत नाहीत आणि धनादेश तीन महिने चालतो. म्हणून वर्गणीचं खातं शेवटचा धनादेश दिल्यानंतरही तीन महिने चालू ठेवा, आणि न वटलेल्या प्रत्येकाला फोन करूनच ते बंद करा.